ओनोरीनचा एक प्रश्न

आमच्या गावात एखाद्या पोराने दूध सांडलं, कप फोडला, की त्याची आई पहिल्यांदा ओरडते, "ओनोरीन झालास का?" पोराला ती ओनोरीन कोण हे ठाऊक नसतं. बऱ्याचदा आईलाही धड ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, आणि ते शब्द कानावर पडले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. कुणाला राग आला तर येऊ दे. मला इतकी वर्षं येतोच आहे.

ओनोरीन बोलांझिए चर्चच्या मागे राहते. सशांची खुराडी आणि कांद्याचे चार वाफे एवढाच तिचा संसार. उंच, हाडकुळी बाई, पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट. उजव्या हाताची तर्जनी मुळापासूनच नाही, आणि मधलं बोट अर्धवट ताठ. त्याच हाताने ती बटाटे सोलते, ससे सोलते, आणि कुणी हाताकडे बघत राहिलं तर तोच हात पुढे करून म्हणते, "घे, नीट बघून घे."

तरुणपणी ती कालव्याकाठच्या गिरणीत होती. जवसाचं सूत काढायची गिरणी. क्लोतेर देस्वार्त तिथला जॉबर, म्हणजे मुकादम. गिरणी बंद पडली, आवारात गवत माजलं, तरी आमच्या बायका त्याला अजून "जॉबरसाहेब" म्हणतात. इतकी सवय वाईट. तर साच्याच्या, म्हणजे सूत काढायच्या मशिनीच्या, चाकांखाली तंतूंचा कचरा साचायचा. साचा बंद करूनच तो काढायचा, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. आणि कुणी साचा बंद केला की क्लोतेर आईमाईवरून शिव्या घालायचा. त्या दिवशी तो ओनोरीनला म्हणाला, "चालू साच्यातच काढ. बंद केलास तर उद्या येऊ नकोस." तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने हात घातला.

पुढे चौकशी झाली. क्लोतेरने सांगितलं, बाई मुळातच धांदरट, न सांगता हात घातला. शेजारच्या साच्यावर पाल्मीर होती, ओनोरीनची शाळेपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, मशिनींच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. झालं! साहेबांनी माना डोलावल्या, गावानेही डोलावल्या. ओनोरीनला अंगण झाडायच्या कामावर टाकलं, आणि तिचं नाव पोरांच्या फुटक्या कपांना चिकटलं ते चिकटलंच.

मी या गावची नव्हे. बियरला लागणाऱ्या हॉपच्या मळ्यांकडच्या एका गावातून लग्न होऊन इथे आले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. देझिरेशी लग्न म्हणजे त्याच्या बापाच्या कॅफेशीच लग्न. बियरचे पंप, चिकोरीची कॉफी, जेलीतलं थंड मटण, आणि स्टोव्हशेजारी पास-त्रापचं टेबल. नवरा भोळा मिळाला, टेबल मात्र नामी मिळालं.

टेबल म्हणजे कठडा असलेली लांबट फळी. मधोमध एक आडवी पट्टी, आणि त्या पट्टीत एक लाकडी सोंगटी जेमतेम जाईल एवढं भोक. दोन टोकांना दोन इलॅस्टिकं आडवी ताणून बसवलेली. सोंगटी इलॅस्टिकला टेकवायची, बोटाने मागे ओढायची आणि सोडायची. आपल्याकडच्या सगळ्या सोंगट्या भोकातून पलीकडे गेल्या की जिंकलो. पाळी वगैरे काही नसते, दोघंही एकदम सुटतात, आणि समोरचा तुमच्या अंगणात सोंगट्या टाकतच असतो. फळीला मेण मी चोळते, वर बटाट्याचं पीठ मी भुरभुरते. मग सोंगटी एकदा निघाली की कशावर तरी आदळल्याशिवाय थांबायचं नाव घेत नाही.

जत्रेच्या सोमवारी दुपारी गेल्या वर्षीचा विजेता स्टोव्हच्या बाजूला बसतो, आणि ज्याच्या अंगात खुमखुमी असेल त्याने दाराच्या बाजूला बसायचं. हरणाऱ्याने पिंपावर चढून बसायचं आणि जिंकणाऱ्याच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. एकच प्रश्न. पिंपावर बसून खोटं बोललेल्या माणसाचा ग्लास आमच्या गावात कुणी भरत नाही. आणि ग्लास मीच भरते, तेव्हा हा नियम कसा पाळला जातो ते मला विचारा. एरवी प्रश्न फालतू असतात. माझं बदक कुणी चोरलं, बायकोला खरंच घाबरतोस का, असले. लोक पोट धरून हसतात.

क्लोतेर वर्षानुवर्षं विजेता. नेम असा की सोंगटी भोकाच्या कडेलाही लागत नाही, सरळ मधून जाते. एका वर्षी जत्रेला ओनोरीन दाराच्या बाजूला येऊन बसली. कुणाला न सांगता, न विचारता. तळहाताच्या कडेने सोंगटी ओढायची, अंगठ्याने धरायची, सोडायची. शेवटी तिच्याकडे एकच सोंगटी उरली होती, एकच, आणि क्लोतेरची शेवटची त्याआधीच पलीकडे गेली.

ती पिंपावर चढून बसली. क्लोतेरने मिशा पुसल्या, गावाकडे एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "काय ओनोरीन, अजून घालतेस का साच्यात हात?"

लोक हसले. काय सांगू तुम्हाला, हसले! पाल्मीरसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या हातात बियरचा जग होता, तो त्याच्या डोक्यात घालायचा राहिला तो फक्त देझिरेने माझं मनगट धरलं म्हणून.

ओनोरीन म्हणाली, "नाही." खाली उतरली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खुराड्यांपाशी जाऊन उभी राहिले. "कशाला आलीस खेळायला? त्या नीच माणसापुढे पिंपावर बसायला?"

ती सशांना पाला घालत होती. म्हणाली, "मला त्याला एक प्रश्न विचारायचाय. रस्त्यात विचारला तर तो टोपी उचलून निघून जातो. पिंपावर त्याला जाता येणार नाही."

प्रश्न कुठला हे मी विचारलं नाही. साच्यात हात घालायला कुणी सांगितलं, दुसरा कुठला असणार? गावालाही तसंच वाटलं, कारण पाल्मीरच्या कानावर ही गोष्ट गेली आणि पाल्मीरच्या तोंडून ती बेकरीपर्यंत पोचली. बेकरीतून क्लोतेरकडे जायला कितीसा वेळ लागतो?

वर्ष असंच गेलं. पुढच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यातल्या रविवारी, प्रार्थना आटोपून पुरुष आमच्याकडे जमले. क्लोतेर उभा राहिला आणि ग्लासवर चमचा वाजवून म्हणाला, "मंडळी, आपल्या खेळाला शिस्त राहिलेली नाही. कुणी तळहाताने ओढतंय, कुणी कोपराने. आपले बापजादे उजव्या तर्जनीने खेळले. या वर्षीपासून इलॅस्टिकला उजव्या तर्जनीशिवाय दुसरं काही लागलं तर तो गडी बाद."

सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे आपापल्या ग्लासात बघत होते.

"आणि डावखुऱ्यांनी काय करायचं?" मी काउंटरमागून विचारलं.

"शिकायचं."

"आणि ज्यांचं बोट तुमच्या गिरणीने खाल्लं त्यांनी?"

"जेर्मेन," देझिरे कुजबुजला, "अगं, गिऱ्हाईक आहेत."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! क्लोतेरसाहेब, लाज वाटते का हो? बाईचं बोट घेतलंत, नाव घेतलंत, आता बसायची जागाही घेताय?"

"बाई," तो थंडपणे म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे. टेबल तुमचं असलं तरी खेळ गावाचा आहे. हात वर करा, मंडळी."

हात वर झाले. एकेक हात मी बघून ठेवला. दाराजवळच्या बाकावर ओनोरीन चिकोरीची कॉफी पीत बसली होती. तिने कप खाली ठेवला. "इलॅस्टिकला दुसरं काही लागायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली.

बरं! त्या "बरं"ने मला तिचाच इतका संताप आला की तिचा कप मी विसळताना फोडला. त्यावर देझिरे काय म्हणणार होता ते मला कळलं, आणि माझं तोंड बघून तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफे रिकामा असताना ती आली. सरळ टेबलाच्या दाराकडच्या बाजूला बसली. एक सोंगटी उचलून तिने भोकाच्या तोंडाशी, आपल्या बाजूला, नुसती ठेवून दिली. मला म्हणाली, "पलीकडून मार. जितका जोर असेल तितका."

जोर माझ्यात भरपूर होता. क्लोतेरचं थोबाड डोळ्यांपुढे आणलं आणि सोडली. माझी सोंगटी सुसाट गेली, भोकात तिच्या सोंगटीवर टक्कन आदळली आणि तिथेच उभी राहिली. जणू कुणी खिळा मारला. आणि जी गुमान बसून होती, ती माझा सगळा जोर घेऊन मागे सुटली.

"बघितलंस?" ओनोरीन म्हणाली. "दोघी सारख्या वजनाच्या. मारणारी उभी राहते. जिला लागलं ती सगळं घेऊन जाते."

तिची सोंगटी मागे जाऊन तिच्या इलॅस्टिकवर आपटली. इलॅस्टिक पोटात घेऊन ताणलं गेलं, आणि त्याने जवळजवळ तेवढ्याच जोराने ती परत पुढे फेकली. ओनोरीनचे दोन्ही हात मांडीवर होते. सोंगटी आली, भोकात उभ्या असलेल्या माझ्या सोंगटीला धडकली, आता ती थांबली आणि माझी माझ्याकडे परत आली.

"अगं, पण पलीकडे तर काहीच गेलं नाही," मी म्हणाले.

"तू हात लावला नाहीस म्हणून. तो लावेल. त्याला उभी राहिलेली सोंगटी बघवत नाही. तशीच उचलून परत मारेल. मग भोक मोकळं, आणि माझी वाटेवर."

आम्ही पुन्हा मारून पाहिलं. या वेळी माझी सोंगटी उभी राहिली तशी मी झटकन उचलली. तिची सोंगटी भोकातून सरळ माझ्या पुढ्यात येऊन पडली. तिने इलॅस्टिकला बोटसुद्धा लावलं नव्हतं. कुठलंच बोट.

"पण हे चालायचं तर त्याने जोरात मारायला हवं," ती म्हणाली, "आणि अगदी मधोमध."

"मधोमध तो मारतोच. मारल्याशिवाय त्याला झोप येत नाही. आणि जोरात कसं मारायला लावायचं, ते माझ्यावर सोड."

जत्रेच्या सोमवारी सकाळी मी दाराकडच्या बाजूला कोरं इलॅस्टिक ताणून बसवलं. कॅफे माझा, टेबल माझं. मेण चोळून चोळून फळीत तोंड दिसायला लागलं, वर पिठाची चिमूट टाकली. दुपारी बाहेर बँड वाजत होता, आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन-चार तरण्यांना क्लोतेरने हसत हसत पिंपावर बसवलं. मग ओनोरीन येऊन बसली, आणि हसणं बंद झालं.

"नियम ठाऊक आहे ना?" क्लोतेरने विचारलं.

"ठाऊक आहे, जॉबरसाहेब."

देझिरेने टेबलावर थाप मारली. क्लोतेरने पहिली सोंगटी मागे ओढली. ओनोरीनने आपली एक भोकाच्या तोंडाशी ठेवली आणि हात मांडीवर घेतले. टक्! क्लोतेरची उभी राहिली. त्याने ती चिडून उचलली, आणि तेवढ्यात ओनोरीनची मागे जाऊन, उसळून, भोकातून त्याच्या मनगटावर येऊन आपटली.

"हे काय आहे?" तो ओरडला. "ही खेळतच नाहीये!"

"इलॅस्टिकला हात लावला का तिने?" मी विचारलं. "मंडळी, तुम्ही हात वर केले होतेत ना? सांगा की, लावला का?"

नाही लावला, असं कुणीतरी मागून म्हणालं. मग बरेचजण म्हणाले.

तिची एक गेली, मग दुसरी. मध्येच त्याची एखादी सुटून पलीकडे जायची, ती उचलून ओनोरीन पुन्हा भोकाशी ठेवायची. हळूहळू तिची बाजू रिकामी व्हायला लागली. पण क्लोतेर मूर्ख नव्हता. त्याला ते कळलं. त्याने हात आवरला आणि सोंगटी हलकेच सोडली. तिच्या सोंगटीला जेमतेम धक्का लागला, ती निम्म्यातच थांबली, आणि ओनोरीनने ती उचलून पुन्हा भोकाशी ठेवली. त्याची भोकात उभी राहिली, आणि या वेळी त्याने तिला हात लावला नाही. भोक बंद. तो मागे टेकून बसला आणि मिशीत हसला. असाच बसला असता तर संध्याकाळ झाली असती, आणि खेळ संपला नाही तर विजेता तोच.

ओनोरीनने माझ्याकडे पाहिलं नाही. पण मला सांगायची गरज नव्हती.

"काय हो जॉबरसाहेब," मी काउंटरवरून खच्चून ओरडले, "दमलात का? एक बाई नुसती मांडीवर हात ठेवून बसलीय आणि तुम्हाला घाम फुटला! खुर्ची आणू का आरामाची? की दाईला बोलावू?"

लोक हसले. वर्षभरापूर्वी हसले होते तेच लोक, तेच दात. त्यांना काय, हसायला कुणीही चालतं. पण त्या दिवशी ते हसणं मला साखरेसारखं लागलं.

"गप्प बस, जेर्मेन," क्लोतेर म्हणाला.

"मी बसते हो गप्प. तुमचा हात का गप्प बसलाय?"

तेव्हा ओनोरीन खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलली. आयुष्यभर त्याला "तुम्ही" म्हणत आली होती. तशीच हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मार ना रे, क्लोतेर. भितोस?"

तो लालबुंद झाला. मानेवरची शीर तटतटली. भोकातली सोंगटी त्याने हिसकून घेतली, इलॅस्टिक तुटेल इतकं मागे ओढलं आणि सोडलं. सोंगटी दिसलीच नाही, नुसता आवाज आला. ओनोरीनची मागे गेली, कोऱ्या इलॅस्टिकने ती परत फेकली, आणि तोवर हा आपली उचलून पुन्हा ओढत होता. भोक सताड उघडं. मग त्याला थांबताच येईना. जितका चिडला तितका जोरात मारत गेला, आणि जितका जोरात मारला तितक्या जोराने त्याचंच त्याच्याकडे परत येत गेलं. शेवटची सोंगटी पलीकडे गेली तेव्हा ओनोरीनच्या बाजूला पिठाशिवाय काही नव्हतं.

कुणी टाळी वाजवली नाही. देझिरेने पिंप पुढे सरकवलं.

क्लोतेर चढून बसला. आधी टोपी काढली, मग परत घातली. ओनोरीन समोर येऊन उभी राहिली. ती तोंड उघडणार तेवढ्यात तोच सुरू झाला. "ठीक आहे. ठीक आहे! मीच सांगितलं होतं. चालू साच्यातच काढ म्हणून मीच म्हणालो होतो. ऐकलंत सगळ्यांनी? झालं समाधान?"

कॅफेत एक सुस्कारा गेला. पाल्मीर भिंतीला टेकली. मला वाटलं, झालं, निघालं एकदाचं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागाचंच.

"ते मी विचारलं नाही," ओनोरीन म्हणाली. "ते तर मी तेव्हाच ऐकलं होतं. पाल्मीरनेही ऐकलं होतं. माझा प्रश्न अजून शिल्लक आहे."

क्लोतेरने टोपी पुन्हा काढली.

"साचा बंद करायचा दांडा तुझ्या बाजूला होता," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "आधी नखच अडकलं होतं. तेव्हाच मी ओरडले. मी ओरडत होते तेव्हा तुझा हात कुठे होता, क्लोतेर?"

बाहेर बँड वाजत होता, त्याची मला चीड आली. क्लोतेरने खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा ग्लास हातात घेऊन उभी होते. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"ऐकू आलं नाही," ओनोरीन म्हणाली.

"दांड्यावर," तो म्हणाला.

दांड्यावर. हात दांड्यावर होता. ओढायचा बाकी होता फक्त. बोटाचं नख अडकलेलं, मग पेर, मग मूळ, आणि ह्याचा हात दांड्यावर! मी तो ग्लास जमिनीवर आपटला. "का नाही ओढलास, मेल्या?" मी किंचाळले. "का नाही ओढलास?"

ओनोरीनने माझ्या दंडाला धरलं. "एकच प्रश्न असतो, जेर्मेन," ती म्हणाली. मग क्लोतेरकडे वळली. "का ओढला नाहीस, ते पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. चर्चला जाताना तो आता आमच्या दारावरून येत नाही, कालव्याच्या बाजूने वळसा घालून जातो. पाल्मीर एकदा ओनोरीनसाठी केक घेऊन आली होती. ओनोरीनने तो सशांना घातला, आणि मला फार बरं वाटलं. लोक म्हणतात, कबूल केलं ना त्याने, आता पुरे करा, म्हातारा झालाय. हेच लोक अजून पोरांना "ओनोरीन झालास का" म्हणतात.

जत्रेचा सोमवार आला की मी दोन्ही बाजूंना कोरं इलॅस्टिक ताणते, मेण चोळते, पीठ टाकते. आता विजेती ती, म्हणून स्टोव्हच्या बाजूला ओनोरीन बसते. एक सोंगटी भोकाच्या तोंडाशी ठेवते आणि हात मांडीवर घेते. कुणी उत्साही पोरगा समोर बसायला आला तर म्हणते, "ही जागा भरलेली आहे."